विजयदुर्गात एक पूर्ण दिवस : हेलियमचे कट्टे, खाडी आणि गोदी यांविषयी विचारणा

हरिपूरकर (सांगली)

सर्वांना नमस्कार. माझे वडील मिरजेतील एका शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वर्णपटाचा धडा आला की ते दरवर्षी न चुकता सांगत, की हेलियम हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडले आणि तो शोध १८६८ साली आपल्या कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला. मी स्वतः त्यांच्याच वर्गात असल्यामुळे ही गोष्ट शाळेत एकदा आणि घरी अनेकदा ऐकली आहे. नवल असे, की इतकी वर्षे ज्या जागेविषयी ते भरभरून बोलले ती जागा त्यांनी अद्याप पाहिलेली नाही. आम्हा सांगलीकरांचे कोकण गणपतीपुळ्याला सुरू होते आणि मालवणला संपते. त्यांच्या मधोमध असूनही महामार्गापासून वाकडी वाट करावी लागते म्हणून विजयदुर्गाकडे आमची गाडी कधी वळलीच नाही.

वडील आता ७१ वर्षांचे आहेत. सपाटीवर ते व्यवस्थित चालतात, मात्र उंच पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात. थंडी संपण्यापूर्वी त्यांना एक दिवस विजयदुर्गात घेऊन जावे असा विचार आहे. सांगलीहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परतणे शक्य आहे का, किल्ल्याखेरीज त्या गावात काय पाहावे, आणि या शोधाशी जोडले जाणारे जे चौथरे 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जातात ते किल्ल्यात नेमके कोठे आहेत, एवढे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. समुद्रकिनारा, नौकाविहार, पाण्यातले खेळ यांत आम्हाला रस नाही.

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

शक्य आहे, परंतु करू नये. सांगलीहून कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तेथून विजयदुर्ग असा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता आहे. आकडा लहान दिसतो. पण घाटातली वळणे आणि तळेऱ्यापासून पुढचा पन्नासेक किलोमीटरचा चढउताराचा अरुंद रस्ता धरला तर एका बाजूने साडेपाच तास सहज जातात. म्हणजे दिवसातले अकरा तास गाडीत आणि पाच तास विजयदुर्गात, आणि त्या पाच तासांतही घड्याळाकडेच लक्ष. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला रात्रीच्या अंधारात आणि धुक्यात घाट चढून परत आणणे मला तरी योग्य वाटत नाही. आदल्या दिवशी दुपारी निघावे, संध्याकाळी विजयदुर्गात किंवा देवगडात मुक्काम करावा, दुसरा दिवस संपूर्ण मोकळा ठेवावा आणि तिसऱ्या दिवशी न्याहारी करून परतावे.

निघण्यापूर्वी करूळ घाट सुरू आहे की नाही याची चौकशी अवश्य करावी. तो बंद असला तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाटाने खाली उतरता येते. इंधन महामार्गावरच भरून घ्यावे. जेवणाचे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे, कारण गाव लहान आहे आणि घरगुती खाणावळीत सांगितल्याशिवाय ताट वाढले जाईलच असे नाही. वडील शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि घावने मागावेत. तेथे आलेले लोक मासळीच्या नादात हा पदार्थ विसरतात.

जाता जाता आमच्या जिल्ह्याचा एक संबंध सांगतो. विजयदुर्गाचे शेवटचे आंग्रे सरखेल तुळाजी हे १७५६ साली पेशव्यांच्या कैदेत पडले आणि पुढे काही काळ त्यांना साताऱ्याजवळच्या वंदनगडावर ठेवण्यात आले होते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना चंदन-वंदनची ती जोडी महामार्गावरून दिसते. ज्या माणसाचे सारे आयुष्य समुद्रावर गेले त्याला जेथून पाण्याचा थेंबही दिसणार नाही अशा डोंगरावर नेऊन ठेवले, हे तिकडून जाताना दर वेळी माझ्या मनात येते.

खाडीकाठ (गिर्ये, सध्या कोल्हापूर)

माझे आजोळ गिर्ये. इंग्रज आपल्या कागदांत विजयदुर्गाला 'घेरिया' म्हणत, ते आमच्या गावाच्या नावावरून. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किल्ला पाहायला येणारे बहुतेक लोक दरवाजातून आत जातात, तटावर छायाचित्रे काढतात आणि दोन तासांत निघून जातात. विजयदुर्ग एवढ्याने समजत नाही, कारण या गावाचे सगळे महत्त्व किल्ल्याच्या पाठीमागच्या वाघोटण खाडीत आहे. ही खाडी खोल आहे, तिचे तोंड किल्ल्याच्या माऱ्यात आहे, आणि ती आत थेट खारेपाटणापर्यंत जाते. त्या खारेपाटणात शिलाहार राजा रट्टराजाचा इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला, म्हणजे या जलमार्गाला हजार वर्षांचा इतिहास आहे. मोठी लढाऊ जहाजे वादळात आणि पावसाळ्यात निर्धास्त उभी करता येतील अशी जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती आरमार. किल्ला हा त्या खाडीच्या दाराला लावलेला अडसर आहे. म्हणून सकाळी प्रथम धक्क्यावर जाऊन उभे राहावे, डावीउजवीकडे पाहून खाडीचे तोंड कोठे आणि तट कोठे हे लक्षात घ्यावे, आणि मगच आत शिरावे.

मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे परंपरा सांगते. त्याची राजधानी पन्हाळा, म्हणजे घाटावरचे आणि किनाऱ्यावरचे हे नाते तेव्हापासूनचे. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतल्यावर त्याचा विस्तार केला आणि आज दिसणारी तिहेरी तटबंदी उभी राहिली. पूर्वी जमिनीच्या बाजूने खंदक होता आणि किल्ला गावापासून तुटलेला होता. आता खंदक बुजल्यामुळे आपण चालत दरवाजापर्यंत जातो. दरवाजा समोरून दिसत नाही, तटाला वळसा घालून गेल्यावरच सापडतो. तीन तटांमधल्या अरुंद गल्ल्यांतून अवश्य फिरावे, कारण पहिला तट पडला तरी शत्रू दुसऱ्या तटाखाली कसा कोंडला जात असे हे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रजांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये येथे हल्ला केला. दुसऱ्या वेळी तर 'फ्रॅम' नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. १७२४ मध्ये डच आले. तिघेही हात हलवत परत गेले.

मग १७५६ साली काय झाले, तर समुद्रातून इंग्रजांचे आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज असे दोघे मिळून आले. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपाला गेले होते, आणि तुळाजीला नमवण्यासाठी पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. आदल्याच वर्षी सुवर्णदुर्ग अशाच रीतीने पडला होता. फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी खाडीच्या तोंडाशी तोफा डागल्या, एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि एकमेकांना बांधून उभे असलेले आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळून खाक झाले. जमिनीवरच्या इंग्रज तुकडीचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह होता, पुढच्याच वर्षी प्लासीला गेला तोच. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली आणि किल्ला पेशव्यांना देण्यासही टाळाटाळ केली. अखेर बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर त्यांनी विजयदुर्ग सोडला. दोष कोणाला द्यावा यावर गावात आजही वाद होतात आणि मी त्यात पडत नाही. एवढेच म्हणतो, की जळालेली जहाजे मराठ्यांचीच होती. पुढे पेशव्यांनी येथे आनंदराव धुळपांच्या हाताखाली पुन्हा आरमार उभारले आणि १७८३ साली धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, पण पूर्वीचा दरारा परत आला नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तो गेलाच.

आता गोदी. किल्ल्यापासून दोनतीन किलोमीटरवर, गिर्ये गावाच्या हद्दीत खाडीकाठी कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, पाणी उतरले की जहाज कोरडे पडते आणि तळाची डागडुजी करता येते, अशी ही साधी आणि चोख व्यवस्था. तेथे फलकाखेरीज आणखी काही नाही, त्यामुळे भरतीच्या वेळी गेलात तर पाण्याने भरलेला एक मोठा चौकोन दिसेल आणि तुम्ही निराश होऊन परताल. सुकतीला जावे. त्यासाठी तक्ते धुंडाळण्याची गरज नाही. आमच्याकडचा हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणावे म्हणजे भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या धरली तर १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पण त्या दिवसांत भांग असतो, पाणी फारसे उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण असते आणि पाणी चांगले खाली जाते. म्हणून तुम्ही त्रयोदशी किंवा चतुर्दशी निवडा.

गोदीनंतर वेळ उरल्यास रामेश्वराचे देऊळ पाहावे. कातळ कापून केलेल्या, दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या उताराने खाली जावे लागते. भिंतींवरची जुनी चित्रे पुसट झाली आहेत, तरी थांबून पाहण्यासारखी आहेत. देवळासमोर संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. उतार सोपा आहे, परत चढताना मात्र वडिलांना सावकाश आणावे.

'साहेबाचे कट्टे' किल्ल्याच्या आतच आहेत, कोणीही दाखवील. १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिवसही साजरा होतो.

सूर्यबिंब (सांगली)

वरील माहिती उत्तम आहे. मूळ प्रश्नातल्या एका विधानाविषयी मात्र लिहिणे भाग आहे, आणि प्रश्नकर्त्याच्या वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, कारण मीही अनेक वर्षे हेच खरे मानत होतो.

हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, असे म्हणता येत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण खरे आहे आणि त्याची छाया कोकणातून शिरून दख्खन ओलांडत गुंटूर-मच्छलीपट्टणाकडे गेली हेही खरे आहे. परंतु ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरचे नाव कट्ट्यांशी जोडले जाते, तो त्या दिवशी भारतात नव्हता. या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने गुंटूरहून पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे त्याला सुचले आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्याही. लॉकियरने इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाची वाट न पाहता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे तेच साध्य केले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, तर ही सुमारे ५८७.६ वर. ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी हे लॉकियरने मांडले, ग्रीक भाषेतल्या सूर्यवाचक शब्दावरून हेलियम हे नाव पडले, आणि १८९५ साली रॅमसे याने एका युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू पृथ्वीवर मिळवला.

मग कट्टे कोठून आले? लॉकियर विजयदुर्गात आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले तेव्हा त्याची मोहीम याच किल्ल्यात उतरली होती आणि 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरचे नौसैनिक उपकरणे हाताळायला त्याच्या मदतीला होते. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची होती. उपकरणांसाठी बांधलेले हे चौथरे त्या मोहिमेशी जोडणेच सयुक्तिक आहे. माणूस तोच, जागा तीच, विषयही सूर्याचाच. त्यामुळे लोकांच्या तोंडी दोन ग्रहणांचे एक ग्रहण झाले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८६८ चे ग्रहण ऑगस्टचे आहे. ऑगस्टमध्ये विजयदुर्गावर दुर्बीण कोण लावील?

आता सांगलीकरांना आवडेल असा भाग. १८६८ च्या त्याच ग्रहणासाठी रॉयल सोसायटीने दिलेले वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल आला होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातवाचा मुलगा नव्हे, तर नातू. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा मुलगा. त्याने निरीक्षणासाठी निवडलेली जागा होती जमखंडी. म्हणजे पटवर्धनांचेच संस्थान, आपल्या मिरजेच्या शेजारचे. ढगांनी त्याला बराच त्रास दिला, तरी मधल्या उघडिपीत त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. त्यातली नारिंगी रेषा त्याने सोडियमची समजली. तीच पुढे हेलियमची ठरली. सरांना जी जागा वर्गात दाखवायची होती, ती विजयदुर्गापेक्षा मिरजेच्या अधिक जवळ होती.

तरीही विजयदुर्गाला जावे. कट्टे खरे आहेत, फक्त त्यांचे साल वेगळे आहे.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. 'सूर्यबिंब' यांचे उत्तर वाचून दोन दिवस मी वडिलांना काही सांगितलेच नाही. ३१ वर्षांचे वाक्य खोडून काढायचे म्हणजे हात धजत नाही. अखेर शब्दांत सांगण्याऐवजी उत्तरच छापून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि "ऑगस्टातला पाऊस माझ्या ध्यानात कसा आला नाही?" एवढेच म्हणाले. मग सांगितले, की ठरल्याप्रमाणे विजयदुर्गाला जायचे.

हरिपूरकर (सांगली)

जाऊन आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे कर्तव्य आहे.

शुद्ध त्रयोदशी निवडली. आदल्या दिवशी दुपारी निघालो, गगनबावड्याला चहा घेतला, करूळ घाट सावकाश उतरलो आणि दिवेलागणीच्या सुमारास विजयदुर्गात पोहोचलो. सकाळी प्रथम धक्क्यावर गेलो, हे फार बरे झाले. हिशेबाप्रमाणे पावणेदहाला भरती होती आणि त्या वेळी पाणी तटाच्या पायाला येऊन भिडले होते. वडील बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे पाहत उभे होते. ते म्हणाले, की आंग्र्यांच्या लढाया त्यांनी इतिहासाच्या तासाला नुसत्या सनावळीसारख्या ऐकल्या होत्या. एवढ्याशा तोंडातून आत शिरताना जहाजाला वेग कमी करावाच लागणार आणि तेव्हा त्याची बाजू तोफांसमोर येणारच, हे येथे उभे राहिल्यावर कळले. बाहेरचा आणि मधला तट पाहिला. तिसऱ्या तटाच्या पायऱ्या त्यांनी अर्ध्यावर सोडल्या आणि मी एकटाच वर जाऊन आलो. तटाचा काही भाग ढासळलेला आहे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत विजयदुर्ग आहे, तेव्हा दुरुस्तीला गती येईल अशी आशा करावी.

साहेबाच्या कट्ट्यांपाशी आम्ही तासभर होतो. कोणीही न सांगता जावे तर हे कसले ओटे आहेत हे कळणार नाही. आम्ही बसलो असताना एका शाळेची सहल आली. सोबतच्या शिक्षकाने मुलांना तीच गोष्ट सांगितली, १८६८, लॉकियर, हेलियम, सर्व काही त्याच क्रमाने. मी वडिलांकडे पाहिले. ते गप्प होते. सहल पुढे निघाली तेव्हा त्यांनी त्या शिक्षकाला बाजूला घेतले आणि दोघे पाचसात मिनिटे बोलत होते. काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण शिक्षकाने खिशातली वही काढून काहीतरी लिहून घेतले. मुलांसमोर का नाही सांगितले, असे मी नंतर विचारले. "माझ्या वर्गात येऊन मुलांसमोर कोणी माझी चूक काढली असती तर मला चालले असते का?" हे त्यांचे उत्तर.

दुपारी जेवणात काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि घावने होते. 'अजिंक्यतारा पायथा' यांना त्याबद्दल स्वतंत्र धन्यवाद.

गोदीवर मी उतावळेपणाने तीनलाच पोहोचलो आणि पाणी पुरते उतरलेले नव्हते. कातळाच्या कडेला बसून राहिलो. चारच्या सुमारास तळ उघडा पडू लागला, आणि जेथे नुसते पाणी होते तेथे तासलेल्या बाजू दिसू लागल्या. अधिक जवळून पाहावे म्हणून मी खाली उतरलो तर चिखलाने एक चप्पल गिळली, ती अजून तेथेच आहे. वडिलांना मात्र दिवसभरातली सर्वांत आवडलेली जागा हीच. पंप नाही, यंत्र नाही, चंद्राच्या ओढीवर चालणारी कार्यशाळा, असे त्यांनी तिचे वर्णन केले आणि पाऊणच्या हिशेबाचे कारण मला तेथेच समजावले. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, कोळ्यांनी तोंडी गुणाकाराला सोपा आकडा धरला. रामेश्वराला पोहोचेपर्यंत उजेड कमी झाला होता, चित्रे नीट पाहता आली नाहीत. ती पुढच्या वेळेस.

परतल्यावर वडिलांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर एक लांबलचक दुरुस्ती लिहिली, त्यात गुंटूर, इंग्लंड, १८९८ आणि जमखंडी हे सर्व आले. पहिलेच उत्तर १९९४ च्या तुकडीतल्या एकाकडून आले : "सर, सहामाहीत मी विजयदुर्ग लिहिले नव्हते म्हणून तुम्ही माझा एक गुण कापला होता." वडिलांनी त्याला घरी चहाला बोलावले आहे.

आता त्यांना जमखंडीला जायचे आहे. मिरजेहून कोणता रस्ता बरा?

सूर्यबिंब (सांगली)

कुडची, तेरदाळ, रबकवी-बनहट्टी मार्गे जावे. सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येते, मुक्कामाची गरज नाही. गाडीत जागा असेल तर मलाही न्यावे. सरांशी नारिंगी रेषेविषयी बोलायचे आहे.